बाबूजींच्या मुठीचं माप

प्रिय पारस,

तू दिवाळीला माझ्या टेबलासाठी पाठवलेलं ते लाकडी खेळणं पोचलं, एवढंच मी तुला फोनवर सांगितलं होतं. पुढे त्याचं काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद काढून बसलेय. खोक्यावर तू छापलंयस, 'निवांत : मन शांत करणारा, तुमच्या टेबलावरचा सोबती'. तर हा सोबती घरात आल्यापासून कुणालाही निवांत बसता आलेलं नाही. वस्तू देखणी आहे, त्यात वाद नाही. पितळी चाक लोण्यासारखं फिरतं, पाठीवरची पाच बटणं ऐटीत टिकटिकतात, पॉलिश तर असं की त्यात बघून टिकली लावावी. पण बाळा, ती तू कुणाच्या हातासाठी बनवलीस? दिवसभर संगणकावर बोटं नाचवणाऱ्या, मऊ तळव्याच्या कुणासाठी तरी. नंदुरबारच्या मिरची बाजारात उभं आयुष्य काढलेल्या पंजाचा तू विचारच केला नाहीस. तेव्हा ती नव्याने बनवायची आहे आणि होळीच्या आत पाहिजे. गिऱ्हाईक कोण, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

हो, बाबूजी. खुर्चीतून पडू नकोस. 'मुलगा पुण्यात खेळणी करतो' हे वाक्य ज्या आवाजात ते लोकांना सांगायचे, त्या आवाजात लोक 'मुलगा तुरुंगात आहे' असं सांगतात. तेच बाबूजी आता सकाळी दात घासायच्या आधी तुझं खेळणं शोधतात. मी ते शाळेतून माहेरी आणलं, कारण स्टाफरूममध्ये गणिताचे सर त्याचं चाक फिरवत फिरवत तास विसरायला लागले होते. बाबूजींनी आधी ते पावत्यांवर वजन म्हणून ठेवलं. मग एक दिवस बोटाने चाक फिरवलं. मग इकडेतिकडे बघून पुन्हा फिरवलं. त्यानंतर ते माझ्या मालकीचं राहिलं नाही.

तक्रारी मात्र त्यांनी पहिल्याच दिवसापासून सुरू केल्या. (ते मारवाडीत बोलतात, मी मराठीत लिहितेय, मधल्या शिव्या गाळल्या आहेत.) म्हणे हा साबण आहे की खेळणं? धरलं की सटकतं. अंगठ्याच्या मुळाशी कड रुतते. बटणं अशी ताठ की दाबायला पहिलवान ठेवावा. आणि करंगळीचं बटण इतकं लांब की करंगळीला तिथे जायला तिकीट काढावं लागेल. मी म्हटलं, बाबूजी, तुमचा पंजा तर केवढा मोठा. म्हणाले, "पंजा मोठा आहे, पकड लहान झालीय. हे त्या इंजिनिअरला कुठून कळणार?" 'त्या इंजिनिअरला' म्हणजे तुला. नावाने नाही, पण निदान हुद्द्याने तरी तुझा उल्लेख घरात सुरू झाला, हेही नसे थोडके.

शिवाय आपल्याकडची हवा. सध्या गावाबाहेरच्या, मिरची वाळत घालायच्या सगळ्या पथारी लालभडक झाल्यात, वारा सुटला की अर्धं गाव शिंकतं. तुझ्या खेळण्याच्या फटींत मिरचीची भुकटी जाऊन बसली. ते हातात घेतलं आणि नंतर डोळ्याला हात लावला की झालंच. शाळेत गणिताचे सर तास विसरायचे, इथे घरी येणारे जाणारे रडतात. दुधवाला रडला. बघायला आलेले माझ्या सासरचे काका रडले, आणि लोकांना वाटलं त्यांचा बाबूजींवर भारी जीव. बाई शेवटी आपली आई, तिची तक्रार निराळीच. ती सामायिकाच्या ध्यानाला बसली की बाबूजी शेजारच्या खोलीत टिकटिक चालू करतात. परवा डोळे मिटूनच म्हणाली, "घरात पाली फार झाल्यात, काहीतरी करा." टिकटिक तेवढ्यापुरती थांबली. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिने त्यांना असंच चालवलंय.

'बघायला आलेले काका' वाचून तू थांबला असशील. थांबूच नकोस, पुढे वाच, सगळं ठीक आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात बाबूजींना सकाळी चहाची बशी उचलता येईना. उजवा हात. झटका लहान होता, वेळेत दवाखाना गाठला, तोंड वाकडं झालं नाही आणि जीभ तर अजिबात नाही, हे तू वरच्या मजकुरावरून ओळखलंच असशील. पण हात रुसला. त्यातही अनामिका आणि करंगळी तर पाहुण्यांसारख्या नुसत्या बसून राहिल्या. तुला सांगायचं नाही, अशी त्यांनी बाईला आणि मला शपथ घातली. म्हणून फोनवर 'बाबूजी झोपलेत', 'बाबूजी मंदिरात गेलेत' चाललं होतं. एवढ्या वेळा मंदिरात कोणी जात नाही, तुला शंका यायला हवी होती. शपथ त्यांनी काल स्वतः सोडवली, ते शेवटी सांगते.

व्यायामासाठी मयूरी येते. माझी जुनी विद्यार्थिनी, आता फिजिओथेरपिस्ट झालीय. तिने पहिल्या दिवशी दाबायला पिवळा रबरी चेंडू दिला, त्यावर हसरं तोंड. बाबूजी म्हणाले, "जो मला बघून हसतोय त्याला मी रोज दाबायचं? मला एवढा राग येत नाही." चेंडू परत. मग मयूरीची नजर तुझ्या खेळण्यावर गेली. म्हणाली, मॅडम, हे चालेल, पण हातात बसलं पाहिजे. झालं, मी कामाला लागले. पॉलिश काचकागदाने घासून काढलं (तुझ्या काळजाला घरं पडली असतील, पडू देत). अंगठ्यापाशी कड गोल केली. सटकू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ताठ स्प्रिंगा काढून वर्गात जप्त केलेल्या पेनांच्या स्प्रिंगा घातल्या. पोरं पेनं तोडतात म्हणून मी ओरडते, आता कोणत्या तोंडाने ओरडू? खाली पडू नये म्हणून मनगटाला बांधायला दोरी हवी होती, ती बाबूजींच्या पायजम्याची नाडी निघाली. तू पुण्यात बसून याला काय म्हणतोस मला माहीत नाही, आम्ही याला सोय म्हणतो.

मग माझ्याकडून एक घोळ झाला. वाटलं, अजून मऊ करावं. तर मी त्याला स्पंज गुंडाळून असं गुबगुबीत केलं की बाबूजींचा हात त्यावर ठेवला की सुखाने पडून राही. ते खूश, मी खूश. मयूरी आली, बघितलं आणि माझ्या वर्गात मी जशी बोलायचे तशी मलाच बोलली, "मॅडम, हात झोपवायचा नाहीये, उठवायचाय." स्पंज गेला. तेव्हा हे ध्यानात ठेव, आराम हवाय, पण गादी नकोय. बोटाला थोडे कष्ट पडले पाहिजेत आणि कष्ट पडले हे कळता कामा नये.

आता होळीचं. म्हसावदचे हेमकांतभाऊ पाटील आठवतात ना? यंदाही त्यांची मिरची आपल्याच आडतीच्या दुकानात आली. बाजार समितीत आता उघडा लिलाव असतो, भाव ओरडून सांगतात, पण बाबूजी आणि ते अजून खांद्यावरचा रुमाल पसरून त्याखाली जुन्या सौद्याच्या रीतीने एकमेकांची बोटं दाबत बसायचे. मालासाठी नाही, नाश्ता कोणी द्यायचा एवढ्यासाठी. कोणतं बोट धरलं, किती दाबलं, सगळी भाषा हाताची, वरून दोघांचे चेहरे मख्ख. झटक्यानंतर बाबूजी आडतीवर गेलेच नाहीत. ज्या बाजारात माणसाला हातावरून ओळखतात तिथे मेलेला हात घेऊन कशाला जाऊ, म्हणाले. शेवटी हेमकांतभाऊच घरी आले. "छगनशेठ, घरमा बशीसन काय करी ऱ्हायना?" म्हणत त्यांनी रुमाल पसरला आणि हात घातला. बाबूजींचा चेहरा मी बघत होते. बोटं दाबली जाणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तर या गृहस्थांनी काय करावं? रुमालाखाली गुपचूप तुझं खेळणं सरकवलं आणि तळहाताने बटण दाबलं. टिक्! हेमकांतभाऊ दचकले. "हाई काय शे रे, तुन्हं बोट शे का सुपारी फुटनी?" दोघे असे हसले की बाई आतून पळत आली. हसता हसता हेमकांतभाऊंनी डोळे पुसले, त्याच हाताने. मग तेही रडले. मात्र जाताना उंबऱ्यावर वळून म्हणाले, "व्हळीना आत बजारमा ये. सुपारी नको आनू, हात आन." त्या दिवसापासून होळी ठरली.

म्हणून माप पाहिजे होतं. फूटपट्टीने मुठीचं माप निघत नाही, हे तुला मी सांगायला नको. बाईने पापडाचं पीठ कुटलं होतं, त्यातलाच एक घट्ट गोळा मी बाबूजींच्या उजव्या हातात दिला आणि म्हटलं, आवळा. मग दर थोड्या दिवसांनी नवा गोळा. सोबतच्या डब्यात ते गोळे वाळवून पाठवतेय. हिंग आणि मिरी असल्याने मुंग्या लागलेल्या नाहीत. कृपा करून तळून खाऊ नकोस. सगळ्यात काळा पडलेला गोळा पहिला. त्यात अंगठा आणि दोन बोटं खोल, बाकीच्या दोघांचे नुसते ओरखडे. तो बघून बाई आत गेली आणि बराच वेळ पीठ कुटत राहिली, कुटून झालेलं पीठ. मधला गोळा संक्रांतीनंतरचा, त्यात अनामिकेने खड्डा पाडलाय. सगळ्यात ताजा गोळा नीट बघ. करंगळी नखासकट उमटलीय. दोन्ही बाजूंनी अंगठा फिरव, म्हणजे कड कुठे कमी करायची ते तुझं तुलाच कळेल. लाकूड खरखरीत ठेव, बटणं जवळ आण, चाकाच्या फटी बंद कर, धुता आलं पाहिजे. टिकटिक राहू दे, फक्त पालीसारखी नको.

आणि आता ते, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. रुमालाची भाषा आपल्यालाही येते. पाहुण्यांसमोर काही मागायचं असलं की आपण बाबूजींच्या रुमालाखाली हात घालायचो. करंगळी चिमटली की नाही, पाचही बोटं आवळली की मंजूर. तुझी सायकल तशीच मंजूर झाली होती. दुकान सोडून पुण्याला निघालास त्या दिवशीही तू बैठकीत रुमाल पसरून हात घातला होतास. बाबूजींचा हात आलाच नाही. करंगळीसुद्धा चिमटली नाही. तू बराच वेळ थांबून रिकामा हात बाहेर काढलास, आणि त्यावर घरात पुन्हा कोणी बोललं नाही. तर काल दुपारी जेवणं झाल्यावर बाबूजींनी मला समोर बसवलं, खांद्यावरचा रुमाल पसरला आणि म्हणाले, "हात घाल. आत्ता तू पारस आहेस." मी घातला. उजवा हात आला. आधी अंगठा, मग एकेक करत सगळी बोटं, शेवटी ती आळशी करंगळी, आणि अशी आवळली की माझ्या बांगड्या रुतल्या. वरून चेहरा मख्ख. मग म्हणाले, "कळव त्याला. सौदा जुना आहे, मोडलेला नाही." हे फोनवर कसं दाखवू सांग? म्हणून पत्र. पण मी पडले मधली दलाल. रुमालाखालचा सौदा दलालाच्या हातावर पक्का होत नाही, ज्याचा त्याने येऊन हात घालावा लागतो. तेव्हा नवं खेळणं तयार झालं तर ते घेऊन ये. नाही झालं तर नुसता हात घेऊन ये.

घरभराच्या तक्रारी वाहणारी, पण तुझीच,
चांदनीजीजी