तापीकाकूचे उष्णता व दाब

रनाळे, १२ एप्रिल १९६३

तीर्थस्वरूप मामांस रूपचंदचा साष्टांग नमस्कार.

आपली कंबर आता वाकते का? मामींचा खोकला गेला असेल. इकडे माणसं खुशाल आहेत. यंत्र तेवढं आजारी आहे.

मॅग्नेशियम ऑक्साइडची वीट (पोलादाच्या भट्टीला आतून लावतात ती) तापल्यावर किती फुगेल, दाबल्यावर किती आकसेल, हे मी वीट न भाजता नुसत्या आकड्यांनी काढतो. (बाबांच्या मते हा काम न करण्याचाच प्रकार आहे.) एका अणूला शेजारचे किती ओढतात, किती ढकलतात, याचे गुणाकार करायला माझ्या संशोधनाच्या सरांनी मुंबईहून हाताने फिरवायचं गणनयंत्र दिलं. काळं, लोखंडी, बाजूला दांडा. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) सण संपताच सरांना आकडे हवेत. नाही दिले तर शिष्यवृत्ती बंद, आणि मी जन्मभर बाबांच्या कापसात.

पण आखाजी आली म्हणजे अंगणभर शेवया. तापीकाकूने माझं यंत्र शेवयांचं समजून बाजेला करकचून बांधलं, फटींत कणीक भरली आणि दांडा फिरवला. (खाली परात धरायला शेजारच्या कालीबाई होत्या, म्हणजे गुन्हा सामुदायिक.) शेवई येईना, म्हणून लाटण्याने दाबलं. तरी येईना, म्हणून कणीक सुकून सुटेल या आशेने यंत्र दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवलं. मामा, आधी दाब, मग उष्णता! संध्याकाळी आत वीट तयार होती. जी मी वर्षभर कागदावर करतो आहे, ती काकूने एका दुपारी केली.

मी ओरडलो, तर काकूच माझ्यावर चिडली. "रोज गरगर फिरावस, एक शेवई निंघत नही. पीठच नही टाकं, ते निंघी काय?"

 सरांना मी खोटं लिहिलेलं नाही. उष्णता व दाब यांचे परिणाम प्रत्यक्ष पाहतो आहे, एवढंच कळवलं.

आपला भाचा,
रूपचंद

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज रॉकेल आणि दाभण घेऊन यंत्र मोकळं केलं. आठ साते छप्पन्न आले! मी अंगणात नाचलो.

आणखी ता. क. नाचायला नको होतं. काकूने कारण विचारलं आणि लगेच शेवयांसाठी गहू ओलवले. ("मांगे पीठ घट्ट व्हयनं व्हतं," म्हणते.) धुळ्याहून शेवयांचं खरं यंत्र घेऊन पहिल्या मोटारीने या. तोवर मी माझ्या यंत्रावर बसून आहे. हे पत्रही तिथूनच लिहितो. दांडा टोचतो.