चौकातला बॅनर

सर, काल एका पोरीने मला तेच विचारलं, जे मी एकदा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही गेल्यावर मी तेलगावात अकॅडमी काढली. पहाटे पोरींना पोलीस भरतीसाठी पळवते, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या देत. पळणं तुमच्याकडून घेतलं, तोंडही तुमचंच. ही पोर सगळ्यांत चपळ. मैदानी चाचणी आठवड्यावर आली आणि म्हणते, "ताई, पळायच्या आधी इंजेक्शन घेत्यात म्हनं. दम लागत न्हाई. घिऊ का?"

मला शाळेचं मैदान आठवलं. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी मी तुमच्यापुढे उभी आहे, मुठीत कुणीतरी दिलेल्या दमाच्या गोळ्या, घेऊ का म्हणून विचारत. वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "कावून गं? कुनाला भ्याली?" मी म्हणाले, "दादांना." म्हणजे वडिलांना. त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या चुलीपुढे येऊन बसलात आणि दादांना सरळ विचारलंत, "ही हारून आली तर जेवू घालताल का?" दादा भडकले. "म्हंजी काय सर? लेक हाय माजी!" तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "ऐकलं का?" आणि आणखी ठेचा मागितलात. गोळ्या मी चुलीत टाकल्या. शर्यतीत चौथी आले. घरी आले तर दादांनी ताट वाढून ठेवलेलं होतं. तेवढं मला पुरलं.

म्हणून पोरीलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "त्या ब्यानरला भ्याले." तिच्या वाढदिवसाला काकांनी चौकात बॅनर लावलाय. खाकी वर्दीवर तिचं तोंड चिकटवलंय, खाली 'भावी पोलीस', आणि काकांचा फोटो तिच्यापेक्षा मोठा. आपल्याकडे पेढे आधी, निकाल मागून. "न्हाई लागले तर त्याच्याखालून रोज डेअरीला दूध घिऊन कशी जाऊ, ताई?" किडनी, हृदय, बंदी असं मोठं भाषण मी तयार ठेवलं होतं. तिने ते सगळं मोबाईलवर आधीच वाचलेलं होतं. मला फार वाईट वाटलं, सर. पळायची भीती तिला नव्हतीच.

मग तुमच्यासारखीच काकांकडे गेले आणि म्हटलं, बॅनर उतरवा. माणूस वाईट नाही. चहा पाजला. मग म्हणाला, "म्याडम, तुमच्या अकॅडमीच्या बोर्डावर एक तरी न लागलेली पोरगी हाय का? आदी तुमचा उतरवा, मंग मी माजा उतरवतो."

आज पोर वेळेवर आली. इंजेक्शनचं तिचं काय ठरलंय, अजून कळलं नाही. बुटाची नाडी बांधण्याआधी तिने मान वर करून माझा बोर्ड बघितला. वर्दीतल्या पोरी, सगळ्या हसणाऱ्या. तो काढला तर पुढच्या वर्षी माझ्याकडे कोण येईल, हाच विचार दिवसभर डोक्यात आहे. कुणाला भ्याली, असं तुम्ही विचारलंच असतं. शिडी आणून भिंतीला लावून ठेवलीय, सर. अजून चढले नाही.