एकटीचे दोन तास

६ नोव्हेंबर, गुरुवार
डॉ.नी नाकातून कॅमेरा घातला, 'ई' म्हणायला लावलं. समोर पडद्यावर माझेच स्वरतंतू. गाठ काढली ती जागा गुळगुळीत. म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, गा. फक्त जे सहज येत नाही ते ओढून आणू नका.
आमचे श्री. बाहेर बाकावर. मी नुसती मान हलवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत पुसला. आमच्या एव्हरशाईन वसाहतीच्या नाक्यावर रिक्षातून उतरून शहाळं प्यायलो. ऑपरेशननंतर इतके दिवस खुणा आणि कुजबुज. आज शहाळेवाल्याला खणखणीत म्हटलं, "मलई काढून द्या." तो दचकला नाही. मीच दचकले.

९ नोव्हेंबर, रविवार
नानांना फोन केला. नाटक मंडळी त्यांची, आणि मी त्यांच्या संगीत नाटकांतली नायिका, पंचवीसेक वर्षं तरी. म्हटलं, घसा बरा झाला, तालमीला कधी येऊ? नाना आधी तब्येतीबद्दल बोलले, मग हवेबद्दल, मग नाट्यगृहाच्या तारखा मिळत नाहीत त्याबद्दल. शेवटी मुद्द्यावर. मी आजारी असताना जी नवीन मुलगी उभी राहिली, तीच आता नायिका. मला नायिकेच्या आईचं काम.
"आईला पदं किती?"
"आईला कुठली पदं, शैला. दोन प्रवेश आहेत. चांगले आहेत."
कळवते म्हटलं. वाटलं, आता रडू येणार. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. येईना. आमटीला फोडणी दिली, जेवले, आणि झोपले ती थेट दिवेलागणीला उठले. तो बसचा प्रवास, मानेत रुतणारा अंबाडा, तिसऱ्या घंटेची धास्ती... सगळं आता दुसऱ्या कुणाचं.
श्री.ना वाटतंय मला धक्का बसलाय. बरं वाटतंय हे त्यांना सांगायचा धीर होईना.

१३ नोव्हेंबर
पास्कल सर आले. भुईगावचे, शाळेतून रिटायर झालेले. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, आणि नानांच्या मंडळीत माझ्या पदांनाही इतकी वर्षं त्यांचीच साथ. हातात वाडीतली केळी. त्यांना सगळं कळलेलं होतं. म्हणाले, नाताळाच्या आधी आमच्या वाडीत बैठक ठेवू. गावातले लोक येतील. तुम्ही एकट्याच गा. दोन तास.
मी हसले. नाटकात मी एकटी कधी असते? पद झालं की नायक येतो, नाहीतर विनोदी पात्र येतं, मी विंगेत जाऊन कोमट पाणी पिते. दोन तास नुसती मी, साध्या साडीत. लोक बघणार काय?
"मी आहे ना बाजूला," सर म्हणाले.
हो म्हणून बसले.

२१ नोव्हेंबर
भुईगावला सरांच्या पडवीत तालीम. तबल्याला मिलिंद, वालीवच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेला. वरच्या सा-ला आवाज फाटला. परत घेतला, परत फाटला. सर म्हणाले, पट्टी उतरवू या. काळी पाचवरून काळी तीन. मी नाही म्हटलं. जन्मभर काळी पाचला गायले, लोकांच्या कानात मी तशीच आहे. तिसऱ्यांदा घेतलं. या वेळी सूरच नाही, नुसती हवा.
मिलिंद तबल्याकडे बघत राहिला. सर म्हणाले, उद्या बघू.
घसा दुखत नाहीये. पण भीती...

२२ नोव्हेंबर
सकाळी चहा घेताना श्री.नी विचारलं, काल काय झालं. सांगितलं. गाण्यातलं त्यांना काही कळत नाही.
"तू वरचं घ्यायला लागलीस ना, की मी श्वास धरून बसतो," म्हणाले. "बरीच वर्षं झाली. तुला बोललो नाही."
प्रयोगाला पहिल्या रांगेत डोळे मिटून बसायचे. मला वाटायचं, पेंगतात.
दुपारी मी भुईगावला गेले आणि सरांना म्हटलं, काळी तीन. पहिलं पद सुरू केलं. खाली इतकी ऐसपैस जागा आहे हे मला माहीतच नव्हतं. शब्द नीट लागायला लागले. एकामागून एक पदं म्हटली, घसा थकला नाही. निघताना मिलिंद म्हणाला, "मॅडम, आज टेन्शन नाय आलं." मलाही नाही.

७ डिसेंबर, रविवार
काल झालं एकदाचं. आज लिहितेय.
वाडीत नारळांच्या मधे चटया, मागे खुर्च्या. ओटीवर नाताळचा कागदी तारा आधीच टांगलेला. ऊन कलायच्या वेळी सुरुवात. दोन पदं चांगली गेली. तिसऱ्याला अंतरा गेला. म्हणजे पार कोरं. नाटकात समोरचा नट एखादं वाक्य टाकून सांभाळतो. इथे समोर फक्त माणसं. सर तीच ओळ फिरवत राहिले. मी त्यांना हाताने थांबवलं.
"विसरले," लोकांना सांगितलं. "आठवेपर्यंत, ही बाई हे पद कशासाठी म्हणते ते सांगते."
सांगायला लागले. नवरा लढाईवर गेलाय, ही दारात उभी, सासू आतून हाका मारतेय आणि हिला आत जायचं नाही. सासूचा आवाज काढला. बायका हसल्या. बोलता बोलता अंतरा आला, तिथूनच सूर धरला. सर बरोबर आले.
मग प्रत्येक पदाआधी बोलले. इतक्या वर्षांत त्या नायिकांची वाक्यं बोलले, त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते कधी कुणी विचारलं नव्हतं. एक तर मला मुळीच आवडायची नाही, तेही सांगून टाकलं. वेळ कसा गेला कळलं नाही. नंतर सरांच्या मिसेस, रोझीबाई, हात धरून म्हणाल्या, गाणी छानच, पण ती सासू अजून एकदा करून दाखव. केली.
श्री. रिक्षात गाढ झोपले.

११ डिसेंबर
एव्हरशाईनच्या ज्येष्ठ मंडळाचा निरोप. जानेवारीत आमच्याकडे करा, तसंच, गोष्टींसकट. हो म्हटलं. सर आणि मिलिंदही तयार.

१८ डिसेंबर
नानांचा फोन. त्या नव्या मुलीला मालिका मिळाली, ती चालली. जानेवारीत गोव्याचा दौरा ठरलाय.
"तुझी भूमिका तुझीच आहे, शैला. कधी येतेस?"
म्हटलं, पदं काळी तीनला गाईन. आणि एव्हरशाईनची तारीख हलवणार नाही. नाना कुरकुरले. नायकाबरोबर द्वंद्वगीतं आहेत, त्याला ही पट्टी जमेल का, लोक काय म्हणतील. विचारून सांगतो म्हणाले.
श्री.नी विचारलं, हो म्हणाले तर जाशील? खरंच माहीत नाही. नाटक आवडतं मला. पडदा उघडतानाचा तो गारवा, मेकअपचा वास. ते काही संपलेलं नाही.

१९ डिसेंबर
संध्याकाळी श्री.ना समोर बसवून न आवडणाऱ्या त्या नायिकेची गोष्ट म्हणून दाखवत होते. कुठे लांबते हे ते बरोबर सांगतात. मधेच फोन वाजला, नानांचा. गोष्ट रंगात आली होती. उचलला नाही. आता त्यांना फोन करते.