चक्कर आधी की पडणं आधी

चिरंजीव वकीलसाहेबांस,
('साहेब' तुझ्या पक्षकारांचं, 'चिरंजीव' माझं.) अनेक आशीर्वाद. तुझा रक्तदाब आणि तुझ्या बायकोचे गुडघे आपापल्या जागी आहेत असं धरून चालते. आमच्याकडे तुझ्या मेहुण्यांचा उजवा खांदा जागेवर नाही. फोनवर सांगायला गेलं की ते पलीकडच्या खोलीतून दुरुस्त्या सुचवतात, म्हणून पत्र.

झालं असं, की पडद्याची दांडी निसटली. सुताराला बोलावते म्हटलं, तर म्हणाले, त्याच्या बिलावर पुन्हा कर लागेल. (जन्मभर कॉलेजात करांचे फायदे शिकवलेला माणूस कर वाचवायला स्टुलावर चढला.) रेडिओवर अंदाजपत्रकाचं भाषण चालू होतं. धप्प आवाज आला. येऊन बघते तर हे जमिनीवर, दांडी पोटावर, आणि भाषण चालूच.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, पडलात कसे? समोर चार माणसं दिसली की यांचा वर्ग भरतो. म्हणाले, "नवे कर ऐकले, चक्कर आली, पडलो." नर्ससुद्धा हसली. बाईंनी हसत हसत त्यातला एकच शब्द कागदावर घेतला: चक्कर. झालं. विमा कंपनीच्या मते स्टुलावरून पडणं हा अपघात, त्याचे पैसे लगेच. चक्कर येऊन पडणं हा आजार, आणि आमचा विमा नवा, म्हणून आजाराला दोन वर्षं थांबायचं. खांद्याला हे कोण समजावणार? मी तिथल्या मुलीला सांगितलं, बाई गं, तो विनोद होता. ती फार गोडपणे म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे विनोदाचा रकाना नाही."

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या नोंद दुरुस्त करायला तयार आहेत, फक्त तो विनोद होता एवढं यांनी लिहून द्यायचं. हे देत नाहीत. न कळलेला विनोद समजावून सांगणं म्हणे तत्त्वात बसत नाही. आता कोर्टात जायचं ठरलंय. वर्तमानपत्रात शिडीवरून पडलेल्या कुणाचा तरी निकाल सापडलाय. खालच्या कोर्टानं चक्कर धरली, वरच्यानं शिडी. स्टूल ही लहान शिडीच आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकावं लागतं. दूधवाला हल्ली पिशवी दाराला अडकवून पळतो. हात अडकवायच्या झोळीवर कर का, म्हणून औषधाच्या दुकानातही उभे राहिले. ही औषधात येते की कापडात? कापडात येत असेल तर नेसू का? दुकानदार म्हणाला, "सर, नेसा, पण मागे रांग आहे."

सरकारनं कर वाढवावेत आणि त्यातून दवाखाने काढावेत असं हे आयुष्यभर सांगत आले. आता स्वतःचाच कर खांद्याच्या वर जात नाही. भांगसुद्धा मी पाडते. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, या महिन्यात ऑपरेशन झालं नाही तर हात कायमचा एवढाच वर जाईल. पण यांचं एकच, आधी निकाल, मग ऑपरेशन, नाहीतर आपली बाजू पडते. मी म्हटलं, बाजू पडली तर पडू दे, हात पडायला नको. त्यावर तुझं मत घ्यायचं ठरलं. तेव्हा कंपनीला एक खरमरीत नोटीस धाड.

तुझी,
ताई

ता. क. नोटीस हे निमित्त. खरं काम असं, की तुझ्या छापील नावाच्या कागदावर यांना लिही, ऑपरेशन आधी केल्यानं खटल्याला बाध येत नाही. कायद्यात तसं आहे का, मला ठाऊक नाही. नसलं तरी लिही. माझं ऐकत नाहीत, छापील अक्षरांचं ऐकतात.

ता. ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी यांचा भांग पाडायला गेले. आरशात न बघता म्हणाले, "तो विनोद नव्हता गं. खरंच आली होती चक्कर. त्याआधीही येऊन गेल्यात." म्हणजे कंपनी बरोबर निघाली. वर लिहिलेलं खोडत बसत नाही. नोटीस नको, कागद नको. खांद्याचं आम्ही आमच्या पैशानं उरकू, तेही आता कबूल झालेत. गुरुवारी सकाळी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचंय. तू बुधवारीच ये. कसा आलास विचारलं तर कोर्टाला सुट्टी आहे म्हण. डॉक्टर जे सांगतील ते ऐकायला मी एकटी पुरेशी आहे. (नाही.)