सगळं एकत्र

३ मार्च, मंगळवार

झालं एकदाचं! ताईचा सगळा आवाज माझ्या डिस्कवर. आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, सीपी, म्हणजे कॉपी, लिहिलं, कुठून आणि कुठे ते लिहिलं, एंटर मारलं. संपलं. भावोजी मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, झालं? काही दिसलं तर नाही. म्हटलं, हे असंच असतं, काही अडलं तरच बोलतं. गप्प राहिलं म्हणजे काम झालं. आमच्या कामातली हीच गोष्ट मला मनापासून आवडते.

ऑपरेशनच्या आधी ताई रोज थोडी थोडी वाक्यं वाचायची. रुग्णालयातल्या आवाजवाल्या बाईंनी दिलेली. त्यावरून यंत्र तिचा आवाज शिकणार आणि मग ती टाइप करील ते तिच्या आवाजात बोलणार. स्वरयंत्र गेलं ते गेलंच, निदान हे तरी! रोजचं रेकॉर्डिंग त्या त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये होतं. बाई म्हणाल्या होत्या, सगळं एकत्र करून द्या. दिलं करून एकत्र — एकाच फोल्डरमध्ये, छान सुटसुटीत.

लॅपटॉप ती पोहायला शिकवायची त्या क्लबचा. नोकरी सुटली, आता परत द्यायचा. तिचे फोटो, तिची पत्रं कोणाच्या हाती नकोत म्हणून नुसतं डिलीट नाही केलं. कोणाला काही परत काढता येऊ नये म्हणून सगळ्यावरून शून्यं फिरवली. कोरा करकरीत करून टाकला.

५ मार्च

डिस्क बाईंकडे पोचवली. निघताना ताईने पाटीवर लिहिलं, “माझा गळा तुझ्या पर्समध्ये आहे. बसमध्ये विसरू नकोस.” भावोजी हसले नाहीत. आम्ही दोघी हसलो — म्हणजे मी आवाज करून, ती नुसती खांदे हलवून.

९ मार्च, सोमवार

बाईंचा फोन आला. यात एकच फाइल आहे, बाकीच्या कुठे?

म्हटलं, असं कसं होईल! काम टाकून गेले. एकच.

बसल्या जागी कळलं. रेकॉर्डर रोज फाइलला तेच नाव देतो — ‘आवाज’. दिवसाचा फोल्डर वेगळा, आतलं नाव तेच. आणि मी एका ओळीत सांगितलं होतं, एकेक उचल आणि या एका फोल्डरमध्ये टाक. दुसरी आली ती पहिलीवर बसली. तिसरी दुसरीवर. शेवटी उरली शेवटची. सीपी बिचारं गप्प, कारण मी त्याला विचारायला सांगितलंच नव्हतं. एक ‘आय’ जास्तीचा लिहिला असता तर दर वेळी विचारलं असतं, जुनी पुसून नवी ठेवू का? ऑफिसात नव्या लोकांना हे मीच शिकवते. माझं पोट यावर भरतं!

बाईंना एकत्र म्हणजे एका डिस्कवर म्हणायचं होतं. फोल्डर जसेच्या तसे. कोणीही साधा माणूस तसंच समजला असता. हुशारी नडली.

१० मार्च

उरलेली फाइल ऐकली. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. जेमतेम चार वाक्यं, घसा खरवडून काढलेली. मग खोकला, खोकला, खोकला. मग, “बास. आज नाही जमत.” नेमकी हीच उरावी?

तलावाच्या एका टोकाला उभी राहून ती हाक मारायची आणि दुसऱ्या टोकाचे लोक पाण्यात जागच्या जागी थांबायचे. तो आवाज जगात कुठेही नाही आता. तिच्या गळ्यात नाही, डिस्कवर नाही. गळ्यातला डॉक्टरांनी काढला. डिस्कवरचा मी.

बाईंना विचारलं, एवढ्यावर काही होईल? नाही म्हणाल्या.

११ मार्च

भावोजींचे फोन येताहेत. उचलले नाहीत.

१२ मार्च

क्लबमध्ये गेले. परत दिलेला लॅपटॉप काउंटरवर, तिथली कारकून त्यात सभासदांची नावं भरत होती. काहीतरी खोटंनाटं सांगून तासाभरासाठी मागून घेतला आणि डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने बराच वेळ खटपट केली. मग चष्मा काढून म्हणाला, “पुसणाऱ्याने फार मन लावून पुसलंय हो. कोणी केलं हे?”

म्हटलं, होती एक.

१३ मार्च

भावोजी शेवटी ऑफिसच्या दारात येऊन उभे. किती दिवस लागतील म्हणाले. चालू आहे, असं सांगितलं. तोंड वर करून सांगितलं! ते बिचारे म्हणाले, घाई नाही, पण घरात इतकं शांत असतं की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होतं. ती आतल्या खोलीत असली की तिला काही हवंय का तेही कळत नाही, सारखं जाऊन डोकावावं लागतं. त्याचा तिला राग येतो.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

१५ मार्च, रविवार

सांगितलं. दोघांसमोर, त्यांच्या स्वयंपाकघरात. एकत्र, फोल्डर, एकच नाव, सगळं समजावत बसले. जणू नीट समजावलं की कमी गेलं असं होणार होतं. ताई संत्रं सोलत होती. सोलून झालं. पाटी समोरच होती, ती तिने उपडी करून ठेवली. हात धुतले, आत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

भावोजी म्हणाले, “तू आता जा.” एरवी जिन्यापर्यंत सोडायला येतात.

१७ मार्च

काही नाही. कोणाचं काही नाही.

२० मार्च

ऑफिसात एक फोल्डर इकडून तिकडे न्यायचा होता. ओळ लिहिली, पुन्हा वाचली, पुन्हा वाचली. एंटरवर बोट जाईना. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, कॉपीच आहे ना, बॉम्ब नाही. मग त्यानेच दाबलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला आता या कामाचीच किळस यायला लागली आहे.

२२ मार्च

आवाजवाल्या बाईंचा फोन. म्हणाल्या, अशा वेळी सख्ख्या बहिणीचा आवाज वापरतात, तोच जवळचा असतो. ताईला तसं कळवलंय, तिचं ती ठरवेल.

काय ठरवणार! जिने तिचा आवाज पुसला तिचाच आवाज तिने जन्मभर वागवायचा? त्यापेक्षा ती मुकी राहील. मी तिच्या जागी असते तर राहिले असते. आणि तेच मला सहन होत नाही — माझ्यामुळे ती मुकी राहणार.

२५ मार्च

ताई आली. एकटी, न कळवता. वाक्यांचे कागद टेबलावर टाकले. पाटीवर एकच शब्द: “वाच.”

मी बोलायला लागले, ताई, मला— तिने पाटी पुसून लिहिलं, “बाकीचं नको. वाच.”

वाचलं. तलावाच्या काठावर उभी राहायची तशी हाताची घडी घालून समोर बसली. घाई केली की टेबलावर टकटक. रडं आलं की टकटक, वाक्य पुन्हा पहिल्यापासून. हसली नाही. पाणीसुद्धा न घेता गेली.

२ एप्रिल

रोज येते. रोजच्या फाइलला मी वेगळं नाव देते, तीन ठिकाणी ठेवते. तरी तिचा विश्वास नाही. तिन्ही ठिकाणची उघडून ऐकते, मग उठते. माझ्याकडे बघत नाही. ‘वाच’च्या पलीकडे एक अक्षर लिहिलेलं नाही. काम आहे म्हणून येते, माझ्यासाठी येत नाही. घसा पार बसलाय माझा. बसू दे.

९ एप्रिल

वाक्यं संपली. आता तिला इथे यायचं कारणच उरलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार

भावोजींनी बोलावलं म्हणून गेले. ताईने फोन पुढ्यात घेतला, टाइप केलं, बटण दाबलं. मी तोंड मिटून बसलेली आणि माझाच आवाज मला म्हणाला —

“तुला अजून माफ केलेलं नाही. चहा टाक.”