तांबड्याला धरलेले हात

५ जानेवारी, सोमवार

मामा घरी आले! अंबाजोगाईच्या दवाखान्यातून. न्यूमोनिया गेला, पण अंगात काहीच उरलं नाही. सासरे म्हणजे केवढा दांडगा माणूस — आज मी नि आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन्हीकडून धरून खाटेवर निजवलं. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, चिकनचं सूप द्या.

आत्याबाई लगेच, "दुकानातलं कावून? घरचा कोंबडा हाय की."

पण कापणार कोण? नेहमी मामाच कापायचे. हे मेंढरं घेऊन परभणीकडं गेलेत.

आत्याबाई म्हणाल्या, "मला आता नीट दिसत न्हाई. तू काप. मी सांगते."

मी!

६ जानेवारी

जमणार नाही. दिवसभर तांबडा माझ्या मागेमागे. अंड्यातून निघाला तेव्हापासून माझ्या हातचे दाणे खातोय. पिल्लू होता तेव्हा मांजराच्या तोंडातून मीच सोडवला — आणि आता मीच?

रडले. आत्याबाईंनी पाहिलं. ओरडल्या नाहीत. "आजच रडून घे. उद्या हात थरथरला तर त्याला तरास व्हईल."

मग सुरीला धार लावायला बसवलं. बोथट सुरी म्हणजे पाप, म्हणाल्या. संध्याकाळी तांबडा वेगळा डालग्याखाली झाकला. दाणे नाहीत, नुसतं पाणी.

७ जानेवारी, बुधवार

झालं.

उजाडायच्या आधी. बाकीच्या कोंबड्या खुराड्यातच होत्या. "पळवू नको. भेदरला की हाल व्हत्यात." अलगद उचलला, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळला. शांत होता. आत्याबाईंनी मांडीशी घट्ट धरला, डोळ्यांवर तळवा ठेवला. बोटानं जागा दाखवली. "एकदाच. थांबू नको."

"माफ कर रे," म्हटलं. थांबले नाही.

फडफडला. आत्याबाईंनी शेवटपर्यंत सोडला नाही. पार निवल्यावर म्हणाल्या, "गेला. लई चांगलं केलंस."

मी परसात जाऊन ओकले. मग कढत पाणी, पिसं, मसाला — हात आपोआप चालू लागले.

मामा वाटीभर रस्सा प्यायले. आणि आणखी मागितला! "तोंडाला चव आली," म्हणाले. मीही ताटात घेतलं. पहिला घास उतरेना. पण टाकायचं नाही असं ठरवलं होतं. त्याचं काहीच वाया जायला नको. खाल्लं.

८ जानेवारी

सकाळी दाणे टाकताना त्याला हाक मारली. सवय.

१० जानेवारी, शनिवार

मामा अंगणापर्यंत चालत आले! कुणाचा आधार न घेता. उन्हात बसले, शेजाऱ्यांशी बोलले.

तांबड्या, तुझे उपकार. कोंबड्याला असं कुणी लिहितं का? मी लिहिते.

आत्याबाईंचेही. त्या नसत्या तर मी त्याचे हाल केले असते.

११ जानेवारी, रविवार

मामांना आज सगळं सांगितलं. आत्याबाईंनी कसा धरला, कसं शिकवलं. मामा खोकला येईपर्यंत हसले. "हिनं धरला? अगं, मी सुरी हातात घेतली की ती शेजारी पळायची! आजवर एकदा बी बघितलं न्हाई तिनं. घरी आलो त्या राती मला इचारत बसली — कसं धरायचं, कुठं कापायचं. मी म्हणलं, आता कावून?"

आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी विचारलं, मग त्या दिवशी कशा थांबलात? त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

"तुला एकटीला कसं सोडू?"