साहेबांचा चेहरा, शंभर टक्के

तीर्थस्वरूप मामांस,

नमस्कार. गुडघा कसा आहे? ("बरा आहे" असं मोघम नको, न थांबता किती पायऱ्या चढता ते कळवा.) मामींनाही नमस्कार. मी ठीक आहे. तुमच्या पेटीतला सिनेमा मात्र भोवला, म्हणून हे पत्र.

तो जुना सिनेमा शनिवारी आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात सगळ्यांना दाखवला. तोच, ज्यात दारावरचं यंत्र राखाडी कपड्यांतल्या माणसांचं समाधान मोजतं आणि कमी भरलेल्यांची तळघरात रवानगी होते. मी तो इशारा म्हणून दाखवला. साहेबांनी वापरायच्या सूचना म्हणून पाहिला. अंधारात टॉर्च लावून दोन पानं टिपणं काढली, आणि लोक यंत्र फोडतात त्या शेवटच्या अर्ध्या तासाआधी फोन आला म्हणून उठून गेले. सोमवारी फाटकावर चेहऱ्यावरून समाधान मोजणारा कॅमेरा. "इतकी जुनी कल्पना, अजून कुणी राबवली कशी नाही?" असं मलाच विचारत होते. सिनेमा पाहताना हळहळलेल्या एकाही माणसाने 'पण मोजायचं कशाला' असं विचारलं नाही. पास व्हायला किती लागतात, एवढंच विचारलं. पॅकिंगच्या मावशींनी तेवढी, पडलेल्या दातांची सूट मिळेल का, अशी शंका काढली. (चाळीस लागतात. सूट नाही.)

यंत्र लावायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. कुठलाही काटा लावताना आधी त्यावर प्रमाण वजन ठेवायचं ही आमची शिस्त, आणि प्रमाण वजनं असतात साहेबांच्या खोलीत, काचेच्या कपाटात. मी सवयीने त्याच खोलीत गेले आणि प्रमाण म्हणून साहेबांचाच चेहरा घेतला. तुम्ही साहेबांना पाहिलेलं नाही. दाढ ठणकत असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याहून जरा गंभीर. आता यंत्राच्या मते तेच शंभर टक्के समाधान. मला सत्त्याण्णव मिळाले. टेलिफोनवरच्या ताई, ज्या चुकीचा नंबर लागला तरी हसतात, त्यांना चौदा. "अगं, आणखी किती हसू? गाल दुखायला लागले माझे!" म्हणत परवा त्या माझ्या टेबलाशी आल्या. हसतच होत्या, फक्त डोळे पुसत होत्या. काल त्या आणखी हसल्या, नऊ मिळाले. येत्या शुक्रवारपर्यंत चाळीस झाले नाहीत तर त्यांची गोदामात बदली. तिथे टेलिफोन नाही, बोलायला माणूस नाही; ताई आठवडाभरही टिकायच्या नाहीत. चूक माझी आहे. ती सांगायला साहेबांकडे दोनदा गेले, पण 'तुमचा चेहरा प्रमाण म्हणून चालणार नाही' हे वाक्य कुठूनही सुरू केलं तरी नीट बसेना. परत आले.

बाकी सगळं ठीक.

तुमची भाची

ता.क. १: साहेबांना पुढच्या महिन्यात आणखी एक सिनेमा हवा आहे. ज्यातून त्यांना घेण्यासारखं काहीच नाही, असा एखादा असेल तर पाठवा. (तुमची यादी मी दोनदा पाहिली. सापडला नाही.)

ता.क. २: पत्राचं खरं कारण. तुमचा खळखळून हसतानाचा फोटो बुधवारपर्यंत पाठवा. समोरून, चष्मा काढून. गुरुवारी प्रमाण बदलते आहे. माझ्या अंदाजाने ताई नव्वदच्या पुढे जातील आणि मी अकरावर येईन. साहेबांचे सहा होतील, पण त्यांचं दार वेगळं आहे.

ता.क. ३: हा त्याग वगैरे आहे असं आईला कळवू नका. गोदाम मी आधीच पाहून आले. खिडकी एक, टेबल एक, कॅमेरा शून्य.